दोन घास कमी, चार पावले अधिक

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात भिवंडी येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. अशा प्रसंगी मुलामुलींचे शिक्षण, लग्नकार्यातील अवास्तव खर्च, धंद्याची मंदी यांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि ते विषय महत्त्वाचे नाहीत असे कोण म्हणेल? तथापि आज आम्ही एक घरगुती विषय आपल्यापुढे मांडणार आहोत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे वाढते वजन, त्यांचा आहार आणि त्यांचा व्यायाम हा तो विषय होय. आम्ही वैद्य नाही. आमचे सारे आयुष्य या गावातील यंत्रमागांच्या खटखटाटात गेले. परंतु असा एक नातू आमच्या घरात गेली बारा वर्षे वाढत आहे. त्याच्या निमित्ताने डॉक्टरांचे दारी जे शिकलो आणि स्वतःच्या चुकांतून जे उमगले, तेवढेच सांगण्याचा आमचा अधिकार आहे.

आरंभ एका पंगतीपासून करतो. तीन वर्षांपूर्वी याच मंडळाच्या स्नेहभोजनास आम्ही आमच्या बाळाला घेऊन आलो होतो. वाढपी मंडळींपैकी एकाने त्याच्या पानात दोन जिलब्या वाढल्या. मागून आलेल्या मावशींनी आणखी दोन वाढल्या. आमच्या सूनबाईंनी हात आडवा केला, तेव्हा त्या माउली कळवळून म्हणाल्या, "अगं, खाऊ दे बिचाऱ्याला. त्याला दुसरे काय सुख आहे?" त्या बोलण्यात माया होती, यात शंका नाही. आम्हीही त्या वेळी मान डोलावली. पण त्या रात्री घरी परतताना जिन्याच्या दुसऱ्याच वळणावर बाळ धापा टाकीत खाली बसला आणि काही केल्या उठेना. त्याच्या बापाने त्याला पाठुंगळी घेतले. आम्ही मागे उभे राहून पाहात होतो. "दुसरे काय सुख आहे?" हे शब्द तेव्हापासून आमच्या मनात खुपत आहेत. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे आम्हांस सापडलेले उत्तर आहे.

प्रथम या अवस्थेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याने १८६६ साली हिचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. तिचे कारण मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षे कळले नाही. १९५९ साली पॅरिस येथे जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सामान्यतः मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, तर या मुलांच्या पेशीत एकविसाव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र अधिक असते. सातशे ते हजार जन्मांमागे असे एक मूल जन्मते, आणि ते कोणत्याही देशात, धर्मात वा ज्ञातीत जन्मते. म्हणजेच हा कोणाच्या पूर्वकर्माचा दोष नव्हे, आईच्या खाण्यापिण्याचा नव्हे, की ग्रहणाचाही नव्हे. पूर्वी या मुलांना 'मंगोल' म्हणत. मंगोलिया देशाने १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली आणि ते नाव मागे पडले. आपणही ते आता विसरावे, आणि 'बिचारा' हा शब्दही विसरावा, अशी आमची विनंती आहे.

आता कोणी विचारील की, या मुलांच्या इतर अडचणी पुष्कळ असता वजनाचीच एवढी काळजी का? कारण असे की, ही मुले आता दीर्घकाळ जगतात. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि औषधोपचार यांमुळे तेथे ते आज साठीच्या घरात गेले आहे. जे मूल साठ वर्षे जगावयाचे, त्याचे गुडघे, त्याचा श्वास आणि त्याची झोप यांची चिंता दहाव्या वर्षीच केली पाहिजे. अधिक वजनाने मधुमेहाचे भय वाढते, मुळातच सैल असलेल्या सांध्यांवर भार पडतो आणि झोपेत श्वास अडण्याची व्याधी बळावते. त्याहून मोठी हानी ही की, जड झालेले मूल धावत नाही, आणि धावत नाही म्हणून कोणी त्याला खेळायला घेत नाही.

या मुलांचे वजन लवकर का वाढते? त्यांना हावरट म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. स्वस्थ बसले असता शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती या मुलांत इतरांपेक्षा कमी असते असे अभ्यासांत आढळले आहे. दोन भावांनी सारखेच जेवण केले, तरी एकाच्या अंगी ते अधिक साठते. शिवाय यांची उंची कमी असते. स्नायू ढिले आणि सांधे सैल असल्यामुळे ती उशिरा चालू लागतात व लवकर थकतात. आपल्या धंद्यातला दाखला द्यावयाचा तर, ताणा ढिला असला म्हणून आपण माग भंगारात काढीत नाही. ताण नीट करतो, वेग बेताचा ठेवतो आणि कापड विणतो. या मुलांचेही तसेच आहे. आणि ही सारी कारणे एकीकडे ठेवली, तरी एक कारण उरते, ते म्हणजे आपण स्वतः.

येथे आम्हांस आमची एक कबुली देणे भाग आहे. बाळाचे वजन वाढू लागले, तेव्हा घरात सर्वांनी सूनबाईंस दोष दिला, आणि त्यात आमचा आवाज सर्वांत मोठा होता. पण रोज सायंकाळी कारखान्यातून परतताना बिस्किटांचा पुडा कोण आणीत असे? आम्हीच. चहात बुडवून चार चार बिस्किटे कोण भरवीत असे? आम्हीच. त्याची आजी दुपारी लाडू देई, काका रविवारी वडापाव आणि गोड पेयाची बाटली आणी, शेजारीण हाक मारून फरसाण देई. आई मात्र दोन वेळच्या जेवणाचा हिशेब ठेवीत बसली होती. बाळ दहा वर्षांचा झाला, तेव्हा उंची १२२ सेंटिमीटर आणि वजन ३९ किलो भरले. तो आकडा आम्हां सर्वांच्या मायेची बेरीज होती.

यास्तव पहिली गोष्ट ही की, घास कमी करण्यापूर्वी तपासणी करावी. आम्ही प्रथम ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी बाळाकडे नुसती नजर टाकून सांगितले, "अशी मुले लठ्ठच असायची." एक वर्ष त्या वाक्यात गेले. पुढे दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासले, तेव्हा थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचे कळले. या मुलांत हा विकार पुष्कळ आढळतो. वजन वाढणे, सुस्ती, बद्धकोष्ठ आणि कोरडी त्वचा ही त्याची लक्षणे आपण 'त्या अवस्थेचीच' समजून सोडून देतो. म्हणून थायरॉईडची तपासणी जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाअखेर आणि त्यानंतर दरवर्षी झालीच पाहिजे. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. तेव्हा व्यायामास लावण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांची अनुज्ञा घ्यावी. मूल रात्री घोरत असेल, झोपेत श्वास मध्येच अडत असेल, दिवसा पेंगत असेल, तर त्याचीही तपासणी करवावी. रात्री नीट न झोपलेले मूल दिवसा खेळणार कसे?

या तपासण्यांचा खर्च आम्हांस झेपणार नाही, असे कोणी मनात म्हणत असेल. त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या या सरकारी कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची आरोग्यतपासणी होते, आणि ज्या दोषांसाठी ती होते त्यांत डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाडीच्या ताईंना किंवा सरकारी रुग्णालयात विचारले, म्हणजे पुढचा मार्ग कळतो. विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.

आता आहाराविषयी. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणे हे पाप आहे, हे आरंभीच स्पष्ट सांगतो. लहान मुलाचे वजन बहुधा घटवावयाचे नसते. ते आहे तेथे थोपवून धरावयाचे आणि उंची वाढू द्यावयाची असते. डॉक्टरांनी वजन घटविण्यास सांगितले, तर तेही त्यांच्याच देखरेखीखाली करावे. या मुलांना ऊर्जा कमी लागते, पण प्रथिने, लोह आणि चुना इतरांइतकाच लागतो. म्हणून ताटातील घास नुसते कमी करून भागत नाही, ते अधिक कसदार करावे लागतात. त्यासाठी परदेशी डबे किंवा जाहिरातीतील चूर्णे नकोत. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात सारे आहे.

आमच्या घरी जे ठरले ते सांगतो. बाळाचे ताट बदलून लहान ताटली केली. निम्मी ताटली भाजी आणि काकडी, गाजर, टोमॅटो यांची. पाव ताटली वरण, वालाची किंवा मुगाची उसळ, अंडे वा मासळी यांची. उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. भात आणि भाकरी दोन्ही एकाच वेळी वाढणे बंद केले. तांदळाच्या भाकरीऐवजी कधी नाचणीची केली, कारण नाचणीत चुना विपुल असतो आणि कोंडाही असतो. मासळी खाणाऱ्यांनी ती तळण्याऐवजी कालवणात घालावी. तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात. तळणीतला पदार्थ असे किती चमचे पितो, याचा हिशेब गृहिणींनीच करावा. गोड पेयाच्या लहान बाटलीत पाच ते सहा चमचे साखर असते. ती बाटली आमच्या घरी आता येत नाही. तिच्या जागी पाणी आणि पातळ ताक आले. भाजी, फळे आणि पाणी यांमुळे बाळाचे जुने बद्धकोष्ठही हटले.

या मुलांच्या जिभेचे व जबड्याचे स्नायूही ढिले असतात, त्यामुळे त्यांना मऊ पदार्थ आवडतात. मऊ पदार्थ भराभर गिळले जातात, आणि पोट भरल्याची जाणीव मागाहून येते. म्हणून घास लहान घ्यावा, चमचा मध्ये खाली ठेवावा, चावावयास शिकवावे. दुसऱ्यांदा वाढण्यापूर्वी थोडे थांबावे. जेवताना दूरदर्शन आणि भ्रमणध्वनी बंद असावा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हा की, खाऊ हे बक्षीस नव्हे. शहाण्यासारखे वागला म्हणून चॉकलेट, रडला म्हणून बिस्किट, ही सवय आपण लावतो आणि पुढे मुलाला नावे ठेवतो. बक्षीस म्हणून पाठीवर थाप द्यावी, चेंडू द्यावा, बाहेर फिरावयास न्यावे.

पथ्य एकट्या मुलास लावू नये, हा अनुभव आम्ही आवर्जून सांगतो. पहिले पंधरा दिवस आम्ही बाळाला काकडी देऊन स्वतः शेव खात होतो. तो काही बोलला नाही, पण ताट सरकवून उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून शेवेचा डबा घरातून गेला. ही मुले उपदेशाने थोडे आणि अनुकरणाने फार शिकतात. घरातील मोठ्यांनी जे केले तेच ती करतील.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, आणि हे अपंगत्व असलेल्या मुलांनाही लागू आहे. साठ मिनिटे एकदम नकोत. आम्ही दहा मिनिटांनी आरंभ केला. सकाळी मोटारींची वर्दळ सुरू होण्यापूर्वी बाळाला घेऊन वऱ्हाळादेवी तलावाकडे चालावयास जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात त्याने चार वेळा बैठक मारली. आम्हीही त्याच्याशेजारी बसलो, कारण आमचेही गुडघे त्याच्याच बाजूचे होते. महिन्याने दहाची पंधरा मिनिटे झाली, वर्षाने अर्धा तास. संध्याकाळी चेंडू, दोरीवरून ओलांडणे, गाण्यावर नाच. घरातील पाणी भरणे, कपडे वाळत घालणे, केर काढणे हीही कामे त्याला नेमून दिली. भिंतीवर चित्रांचा तक्ता लावला. काम झाले की तो स्वतः त्यावर खूण करतो आणि ती दाखविल्याशिवाय आम्हांस सोडीत नाही.

सायकलविषयी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत मिशिगन येथील संशोधकांनी आठ ते पंधरा वर्षांच्या अशा मुलांना थोड्या दिवसांत दोन चाकी सायकल शिकविली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, जी मुले सायकल शिकली ती वर्षानंतर इतरांपेक्षा कमी वेळ बसून राहात आणि त्यांच्या अंगी चरबीही कमी होती. आपल्या भिवंडीच्या रस्त्यांवर, मालमोटारींच्या रांगांत, मुलाला सायकल देण्याचे धाडस आम्ही सुचवीत नाही. परंतु मंडळाच्या सभागृहाचे पटांगण सकाळी रिकामे असते, एवढे नमूद करून ठेवतो.

सावधगिरीचा एक मुद्दा विसरू नये. या मुलांपैकी काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. म्हणून कोलांटी उडी, शीर्षासन, मल्लखांब आणि कुस्ती हे प्रकार डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून करवू नयेत. मान दुखणे, मान एका बाजूस धरणे, चाल बदलणे, हातापायांत अशक्तपणा येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ओठ निळसर पडले किंवा धाप ओसरेना, तरीही तेच करावे.

परंतु सावधगिरी वेगळी आणि वगळणे वेगळे. बाळ पूर्वी ज्या शाळेत जात असे, तेथे कवायतीच्या तासाला त्याला झाडाखाली बसवून इतर मुलांच्या चपला राखावयास सांगत. दोन वर्षे आम्हांस याचा पत्ता नव्हता. तो घरी येऊन आनंदाने चपला मांडून दाखवी आणि आम्ही त्याच्या टापटिपीचे कौतुक करीत असू! अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यात क्रीडेतील सहभागाविषयी स्वतंत्र कलम आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी १९६८ साली शिकागो येथे स्पेशल ऑलिंपिक्सचे सामने सुरू झाले आणि आज आपल्या देशातूनही खेळाडू त्यांत जातात. मुंबईत जय वकील संस्था १९४४ पासून आणि पुण्यात कामायनी संस्था १९६४ पासून अशा मुलांच्या शिक्षणाचे कार्य करीत आल्या आहेत. मार्ग आहेत. झाडाखालून उठविणारा हात तेवढा हवा.

म्हणून मंडळाकडे आमच्या तीन नम्र मागण्या आहेत. पहिली, मंडळाच्या पंगतीत कोणत्याही मुलाच्या पानात आईवडिलांना विचारल्यावाचून दुसऱ्यांदा गोड वाढू नये. दुसरी, सभागृहाचे पटांगण रोज सकाळी एक तास अशा मुलांसाठी आणि त्यांच्या भावंडांसाठी खुले ठेवावे. तिसरी, आपल्या लेझीम पथकात या मुलांना घ्यावे. त्यांचा ताल पहिल्या दिवशी चुकेल. आपला कोणाचा पहिल्या दिवशी चुकला नव्हता? आणि ज्या घरांत अशी मुले आहेत, पण पाहुणे आले की आतल्या खोलीत बसविली जातात, त्या घरांना आमची हात जोडून विनंती आहे की, पुढील वर्षी त्यांना येथे घेऊन या.

आज बाळ बारा वर्षांचा आहे. उंची १३१ सेंटिमीटर झाली आहे आणि वजन ४० किलो. दोन वर्षांत वजन अवघे एक किलो वाढले, उंची नऊ सेंटिमीटर. अजूनही त्याचे वजन उंचीच्या मानाने अधिकच आहे आणि थायरॉईडची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. आम्ही कोणताही चमत्कार सांगत नाही. परंतु गेल्या पौषात आम्ही सहकुटुंब वज्रेश्वरीस गेलो होतो. त्या देवळास बावन्न पायऱ्या आहेत. पूर्वी त्याचा बाप त्याला उचलून नेत असे. या खेपेस बाळाने बापाचा हात झिडकारला. तो तीन वेळा थांबला, पण बसला नाही. वर पोचल्यावर मागे वळून, अजून खालीच धापा टाकीत असलेल्या आम्हांस त्याने हाक मारली, "आजोबा, चला!"

त्याला दुसरे काय सुख आहे, असे त्या मावशींनी विचारले होते. त्या आज या सभेत बसल्या आहेत आणि आमच्यावर रागावणार नाहीत अशी खात्री आहे. मावशी, हे ते दुसरे सुख.